कळ्यांवरची पांढरी लव

बाबा, तुम्ही उकिरड्यावर टाकायला सांगितलेला चहा मी टाकला नव्हता. अर्धी पुडी तुम्ही कढईत भाजलीत, उरलेली अर्धी अकरा वर्षं माझ्याजवळ होती. आज दुपारी तो डबा उघडला, चहा केला आणि प्यायले. चांगला आहे. आपल्या गोदामात असा चहा कधी आलाच नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली म्हणून मी आवाज खाली आणीन असं समजू नका. त्या रविवारी मी बरोबर होते. तुमचं चुकलं होतं, आणि शेठचंही.

तुम्ही शेठच्या चहाच्या गोदामात हमाल म्हणून लागलात, हे तुम्ही कधी लपवलं नाही. आसामहून आलेल्या लाकडी पेट्या पाठीवरून उतरवायच्या, एवढंच काम. एकदा पेटी खाली ठेवताना तुम्ही म्हणालात, "शेठ, हिच्यात ओल हाय." पेटी फोडली, चांदीसारखा कागद बाजूला केला, तर कोपऱ्यातला चहा खरंच लगदा झालेला. त्या दिवसापासून चव घ्यायचं टेबल हळूहळू तुमचं झालं. पाच कपांत पाच पेट्यांचा चहा, उकळतं पाणी, झाकण, मग एकेक चमचा सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि पिकदाणीत टाकायचा. कुठली दाणेदार मामरी कुठल्या बारीक डस्टमध्ये किती घालायची, हे तुम्ही सांगायचात आणि शेठ ऐकायचे. रविवार कारंजापासून देवळाली कॅम्पापर्यंत लोक सकाळी उठून तुमच्या जिभेने पास केलेला चहा पीत होते. पण तुमचा स्वतःचा कप टेबलावर नव्हता. तो दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा, कान तुटका, आणि तो फक्त तुमचा. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत. मीही लहान होते तोवर मला वाटायचं, मोठ्या माणसाचा कप वेगळा असतो.

रविवारी शेठ उशिरा येत. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा तुम्ही मला तेवढ्या वेळात टेबलाशी उभं करू लागलात. आई म्हणायची, "पोरीला बँकेत लावायचंय का थुंकायला शिकवायचंय?" तुम्ही हसायचात. तुमचा नियम एकच होता: आधी चाखायचं, मग बोलायचं. पेटीवर काय छापलंय, शेठ काय म्हणतोय, ते सगळं नंतर. मला तो नियम माझ्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही नियमापेक्षा मोठा वाटायचा. एका पावसाळ्यात एक पेटी भिजली. शेठने म्हटलं, वाळवून डस्टमध्ये मिसळून टाकू. तुम्ही कपभर करून चाखलीत, चूळ भरलीत आणि म्हणालात, "हा चहा लोकांच्या पोटात जायचाय, शेठ. मी नाय मिसळणार." शेठ दोन दिवस बोलले नाहीत. घरी तुम्ही मला समजावलंत, की गोदामात दुसऱ्या कुणाची चूक झाली तर ती चूक असते, आपली झाली तर लोक आपली जात काढतात. म्हणून बुरशीचा एक कणसुद्धा नको. हे मी विसरलेले नाही. पण मी त्याची सबबही होऊ देणार नाही.

आता तो रविवार. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, वनस्पतीशास्त्र घेऊन. शेठ नेमके लवकर आलेले. दारात कॅम्पातले सुभेदार काका उभे, फौजेच्या ड्युटीवर दोन वर्षं डोंगरात काढून परत आलेले, मूळचे कळवणकडचे. "अहो, तिकडं चहाच्या बागेत राहून मी तुमच्याच चहाची आठवण काढीत होतो," असं म्हणत त्यांनी तुमच्या हातात जाड कागदाची पुडी ठेवली. "बागेतला एक म्हातारा कारागीर स्वतःपुरता करतो हा. इकायला नाय. लय जपून आणलाय."

पुडीत नुसत्या कळ्या होत्या. लांबट, टोकदार, न उमललेल्या, राखाडी हिरव्या, आणि प्रत्येकीवर पांढरी बारीक लव. सुभेदार काका सांगत होते. सकाळी दव वाळलं की फक्त टोकाची कळी खुडायची, पान नाही. बांबूच्या सुपांवर पातळ पसरायची, सावलीत, वारा लागेल अशी. दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. हातावर मळायची नाही, भट्टीत भाजायची नाही. आपोआप मरगळते, मग अगदी मंद उबेवर उरलेली ओल घालवायची. "आणि म्हातारा म्हणला, कोरडा ठेवला तर वर्षागणिक गोड होतो." मला ऐकता ऐकताच उलगडत होतं. वांगं चिरलं की काळं पडतं, तसंच चहाचं पान चुरगळलं की रस हवेला लागतो आणि ते काळं होतं. इथे कुणी चुरगळलंच नाही, म्हणून रंग राहिला. निफाडला मावशी थोडी द्राक्षं सावलीत वाळवते त्यांचा बेदाणा हिरवट राहतो, उन्हातला काळा पडतो. मी तुम्हाला हेच सांगणार होते.

तेवढ्यात शेठने पुडीत बोट घातलं. बोटाला पांढरं लागलं. "अरे, ही तर बुरशी! फौजी माणसाला कुणीतरी सडका माल दिला." सुभेदार काकांचा चेहरा उतरला. मी तुमच्याकडे बघत होते. मला खात्री होती, तुम्ही म्हणाल, थांबा शेठ, आधी चाखू. तुम्ही कळी नाकाशी नेलीत, शेठकडे पाहिलंत आणि म्हणालात, "व्हय. बुरशीच दिसतीय."

बाबा, तुम्ही चाखला नव्हता. तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही चाखायच्या आधी बोललात.

मी म्हणाले, "बुरशी नाही ती. कोवळ्या कळीवरची लव आहे. मी कॉलेजात मायक्रोस्कोपखाली पाहिलीय." शेठ मोठ्याने हसले. "घ्या! डिग्री अजून हातात नाही आणि बापाला चहा शिकवते!" तुमच्या कपाळावरची शीर मला अजून दिसते. तुम्ही शेगडीवर लोखंडी कढई ठेवलीत, अर्धी पुडी ओतलीत आणि भाजायला घेतलीत, शेंगदाणे भाजावेत तशी. पांढरी लव जळून गेली, कळ्या तपकिरी झाल्या, जळक्या गवताचा वास सुटला. मग दूध, साखर, आलं घालून तुम्ही तो चहा चांगला खळखळा उकळलात. दोन-तीन दिवस ज्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं, त्याचं तुम्ही दहा मिनिटांत हे केलंत. शेठने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. तुम्ही म्हणालात, "बघ. गवताचं पाणी. राहिलेला टाकून ये उकिरड्यावर." आणि सुभेदार काका निघून गेल्यावर, शेठच्या समोरच, "आणि पुन्हा या टेबलापाशी यायचं नाय. बाईमाणसाचं काम नाय हे."

घरी येताना रस्ताभर तुम्ही माझ्या चार पावलं पुढे चालत होतात. दारात मी विचारलं, "न चाखता कसं बोललात?" तुम्ही चपला काढत म्हणालात, "शेठ बोलला होता आधी. त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडू? तुझ्या पुस्तकासाठी?" मला त्या उत्तराचा फार राग आला, कारण ते खरं होतं. भिजल्या पेटीसाठी तुम्ही शेठला नाही म्हणू शकत होतात. मग माझ्यासाठी का नाही?

त्यानंतर दोन वर्षं आपण बोललो ते औषध, रॉकेल आणि रेशन यांबद्दल. मी पदवीधर झाले तेव्हा तुम्ही वस्तीभर पेढे वाटलेत, माझ्या हातावर मात्र पेढा आईने ठेवला. मग चहाच्या धुळीने भरलेली तुमची छाती एका सकाळी थांबली.

मी बँकेत गेले नाही. महिन्याभराने शेठकडे जाऊन म्हणाले, पाच कप मांडा, मी सांगते कुठली पेटी कुठली. मी सांगितलं. शेठ म्हणाले, "तुझ्या बापाची जीभ आलीय तुझ्याकडे." पहिल्या दिवशी नोकराने माझ्यासाठी तो कानतुटका कप खिळ्यावरून काढून पुढे केला. मी तो विसळला आणि टेबलावर त्या पाच कपांच्या ओळीत ठेवला. सगळे बघत होते. मी म्हणाले, "हा इथेच राहील. नाहीतर पेट्या तुम्हीच चाखा." तो अजून तिथेच आहे, बाबा. तुम्ही तीस वर्षं जे बोलला नाहीत ते मी एका वाक्यात बोलले. त्याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवणार नाही.

कळ्या मी तुमच्याच पद्धतीने ठेवल्या होत्या. पेटीतला चांदीचा कागद दुहेरी गुंडाळला, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातला, झाकणाच्या कडेने मेणबत्तीचं मेण ओतलं, आणि हिंग-मसाल्यापासून दूर, माळ्यावर. चहा शेजाऱ्याचा वास उचलतो, हे तुम्हीच सांगितलेलं. आज उघडला तर कळ्या पिवळसर तपकिरी झालेल्या, लव जुन्या चांदीसारखी. पाणी उकळलं, खाली उतरवून जरा निवू दिलं, मग कळ्यांवर ओतलं. दूध नाही, साखर नाही. रंग मधासारखा आला. पहिल्या घोटात काहीच कळत नाही, मग घशात मागून खारकेसारखी गोडी येते आणि बराच वेळ राहते. म्हातारा कारागीर खरं बोलला होता. सुभेदार काका खरं बोलले होते. तुम्ही एक चमचा घेतला असतात तर तुम्हालाही कळलं असतं, शेठच्या आधी, माझ्या आधी, सगळ्यांच्या आधी. कॅम्पाच्या बसने जाऊन उद्या उरलेल्यातला थोडा काकांना देणार आहे. तेवढं देणं लागतो आपण.

हे पत्र मी त्याच डब्यात ठेवणार आहे, उरलेल्या कळ्यांवर. तुमच्याविरुद्ध लिहिलेला एकही शब्द मी मागे घेत नाही. फक्त एक राहिलं. त्या रविवारी मी शेठसमोर म्हणाले की मायक्रोस्कोपखाली पाहिलंय. पाहिलं नव्हतं. चहाची कळी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं तसं बोलून गेले. दुसऱ्या दिवशी एक कळी रुमालात बांधून कॉलेजात नेली. काचपट्टीवर ठेवली आणि डोळा लावायला माझं धाडस होईना. मग पाहिलं. फाटे नसलेले, सरळ, टोकदार केस, कळीच्या सालीतूनच उगवलेले. बुरशी नव्हती. मला धावत गोदामात यायचं होतं. पण "आज पाहिलं" असं सांगायचं, तर काल पाहिलं नव्हतं हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले, दोन वर्षं, आणि ते सगळं गप्प बसणं तुमच्या नावावर टाकलं.

मीही चाखायच्या आधीच बोलले होते, बाबा.