मिलमागची चिंच

रवि. १८ फेब्रु.
वाचनालयाचा 'झाडाखालच्या गोष्टी' कार्यक्रम आज जुन्या राईस मिलमागच्या चिंचेखाली. दर रविवारी गावातलं एक झाड, आणि ज्याच्याजवळ त्या झाडाची गोष्ट असेल त्यानं उभं राहून सांगायची. वाचनालयातल्या प्रीतीनं ह्यांना उभं केलं, कारण लग्नाआधी हे त्याच मिलमध्ये वजनकाट्यावर होते. मला वाटलं, पोती अन् ट्रक सांगून बसतील. घरी मोजकंच बोलणारा माणूस.

बोलले. थांबेचनात. चिखल्याहून एक मुलगी तुमसरला शिवणक्लासला यायची, खाणीच्या कॉलनीतली. परतीची बस या चिंचेखाली उभी राहायची. उन्हाळा असो हिवाळा असो, हातात हिरवी छत्री. हे चिंचा पाडायचे, मीठ लावून कागदात गुंडाळून भिंतीवर ठेवायचे. ती घ्यायची. बोलणं कधीच नाही. मग क्लास संपला, ती दिसायची बंद झाली. "तवापासून मी चिंचेले तोंड लावलं नाही," असं म्हणून खाली बसले. टाळ्या. प्रीतीच्या डोळ्यांत पाणी.

माझ्या नाही. मला लग्नातच सांगितलं होतं, ह्यांना पित्त आहे, चिंच चालत नाही. माझ्या घरात आजवर चिंच आली नाही. वाळल्या कैरीच्या फोडी टाकून टाकून वरण केलं. चिंचेचं वरण मला किती आवडतं ते माझ्या माहेरच्यांना विचारा.

सोम. १९
शेजारच्या मंदावहिनी कुंपणावरून, "काय वो, भाऊजी तं भलतेच निघाले." मी हसले. दुसरं काय करणार. भात करपला.

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, नाव काय होतं तिचं?
"आता कायले पाह्यजे तुले?"
म्हणजे नाव पाठ आहे. यापुढे इथे तिला नुसतं चि. लिहीन, चिखल्याची म्हणून. त्याहून जास्त शाई तिच्यावर घालवायची नाही.

बुध. २१
दळणाच्या निमित्तानं वाट वाकडी करून चिंच पाहून आले. काही विशेष नाही. बुंध्याला कोचिंग क्लासचं पोस्टर ठोकलेलं, खाली एक गाय बसलेली. भिंत निम्मी पडली आहे.

एक मात्र लक्षात आलं. या रस्त्यानं जाताना हे नेहमी इथे स्कूटर हळू करतात. मी मागे बसून आपली समजायचे, खड्डा असेल. आज नीट पाहिलं. खड्डा नाही.

शुक्र. २३
गोष्टीचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर. माझ्या माहेरून, दिघोरीहून भाच्याचा फोन, "आत्या, मामाजी तं फेमस झाले." म्हणजे तिथेही पोचलं. ह्यांच्याकडे बटणांचा फोन, ह्यांना पत्ता नाही. मी दाखवलाही नाही. कशाला दाखवू.

बाजारातून चिंच आणली. वांग्याच्या भाजीत चांगली मूठभर कोळली आणि समोर बसून पाहत राहिले. ह्यांनी खाल्ली. "आज भाजी चांगली झाली वो," म्हणाले, परत घेतली.

पण संध्याकाळी छातीवर हात ठेवून पडले. आंबट ढेकर, तोंड वाकडं. म्हणजे पित्त खरंच आहे. मग खोटं कुणाशी बोलले? माझ्याशी की त्या टाळ्या वाजवणाऱ्यांशी? थंड दूध दिलं. साखर नाही घातली.

रवि. २५
आज शाळेपुढचा कडुनिंब. माझं लक्ष नव्हतं. संपल्यावर प्रीती, "काकू, तुमचं झाड कोनतं? तुमी बी सांगा ना एकदा."
म्हटलं, माझी झाडं दिघोरीले राहिली. तळ्याच्या पाळीवरचा आंबा, घरामागचा मोह. इथे तुमसरात नळाजवळ एक कढीपत्ता लावला, सारा मोहल्ला त्याचा पाला नेतो. पण कढीपत्त्याखाली कोण बसणार गोष्ट ऐकायला?

ती हसली. हे शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत. येताना त्याचाच राग आला. ह्यांचं या गावात झाड आहे, झाडाची गोष्ट आहे, गोष्टीत मुलगी आहे. मी लग्न करून आले ती ह्यांच्या भरवशावर. या गावात माझं म्हणून जे आहे ते म्हणजे हे. आणि त्यातही चि. आधीच येऊन गेलेली.

मंगळ. २७
हे बाजारात गेलेले असताना प्रीती घरी आली. चेहरा पडलेला. व्हिडिओ फिरत फिरत चिखल्याला गेला. हिरव्या छत्रीवरून तिथल्या लोकांनी ओळखलं. चि.चं नाव शीला. लग्न होऊन तिथेच राहिली, आता नातवंडं आहेत. तिनं फोनवर बोलून पाठवलंय. "काकू, काकांच्या आधी तुमीच आयका."

ऐकलं. आवाज जाडा, मोकळा.
"मले ते चिंच आठवते ना. बस तिथंच उभी राहे. भिंतीवर कोनी मीठ लावून चिंचा ठेवून देये, आमी साऱ्या पोरी मिळून खाऊन टाकू. कोन ठेवे ते काही मालूम नाही बाई. मले वाटे, वाचमन असंल. येत्या इतवारी येईन म्हना, झाड पाहाले."

वाचमन!

आनंद व्हायला पाहिजे होता मला. झालाही असेल घटकाभर. मग असा संताप आला की प्रीतीला चहा विचारायचा राहिला. जिच्यापायी माझ्या घरात चिंच नाही, जिच्यापायी स्कूटर हळू होते, तिला हा माणूस आठवतसुद्धा नाही. त्या वयात तो तिच्या डोळ्यांसमोर उभा होता आणि तिनं पाहिलं नाही. मला पाहायला मिळालाच नाही. मी असते तर

हे आले. उरलेलं नंतर.

बुध. २८
प्रीतीला बजावलं, ह्यांना ऐकवायचं नाही. फक्त ती येणार आहे एवढंच सांग.
तिनं सांगितलं. हे "हो का" म्हणाले आणि अंगणात जाऊन कढीपत्त्याला पाणी घालत बसले. मी सकाळीच घातलं होतं. पाणी वाहून नालीपर्यंत गेलं.

थोड्या वेळानं आत येऊन, "अजून काही म्हने का ते?"
म्हटलं, मले काय मालूम, प्रीतीले विचारा.

मनात आलं, आत्ता फोन काढावा आणि ऐकवावं. वाचमन असंल. एका मिनिटाचं काम. फोन हातातच होता.

शुक्र. १ मार्च
प्रीतीकडून नंबर घेतला. मंदावहिनींच्या गच्चीवर जाऊन चि.ला फोन केला. कपडे वाळत घालायचं निमित्त.

म्हटलं, ताई, इतवारी आल्या तं आमच्या ह्यायले ओळखल्यावानी करा.
"काहून?"
"त्यायचं मन राहील."
"तुमी त्यायच्या बायको ना?"
"हो."
"अन् तुमीच सांगून राहिल्या?"

मी दोरीवरची चादर झटकली. तीच म्हणाली, "बरं. दिसाले कसे होते ते?"
कुरळे केस, म्हटलं. बारीक अंगकाठी. चौकड्याचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. सांगता सांगता कळलं, हे सगळं मी त्या एका जुन्या फोटोतून सांगते आहे. माझ्या वाट्याला आले तेव्हा केस विरळ झालेच होते.
"नाव काय म्हनल्या त्यायचं?"
नाव सांगितलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं. ते ऐकवलं नाही, फोन ठेवला.

शनि. २
केसांना कलप लावायचा म्हणाले. मीच लावून दिला. कानाला लागला तो रॉकेलच्या बोळ्यानं पुसला, जरा जोरात. "हळू वो," म्हणाले.

रवि. ३ मार्च
पांढरा शर्ट इस्त्रीचा. मी भाचीच्या लग्नातली मोरपंखी साडी काढली. म्हणाले, "कायले इतकी भारी?" म्हटलं, तुम्ही कायले कलप लावला?

सगळं तिला नीट सांगितलंय. केस, शर्ट, नाव. ती म्हणेल, हो हो, आठवते. ह्यांचा चेहरा फुलेल आणि मी बाजूला उभी राहून पाहीन, कारण ते माझंच करणं आहे. तेवढं सोसायची तयारी केली आहे.

पण ह्यांना समोर पाहून तिला खरंच आठवलं तर? आणि मला कळणार कसं?

प्रीतीचा फोन आला, चिखल्याहून बस येऊन लागली. हे चप्पल घालून दारात उभे आहेत. म्हणतात, चाल वो, उशीर होऊन राह्यला.