दोनशे बारा ओल्या बिया

३ जून
क्षितिजची बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा वाटलं होतं, आता आपण घरात माशा मारत बसणार. पण न्यू टाउनमधल्या एका छोट्या बीज-संस्थेत जागा निघाली आणि आज कामाचा पहिला दिवस झालासुद्धा. मी खुशीत आहे.

नगरकडे बारा वर्षं ज्वारी-हरभऱ्याचं बियाणं सांभाळलं. तिथे कडकडीत वाळवायचं, डबा घट्ट लावायचा, संपलं. इथे सगळं उलटं. खाडीकाठच्या एका झाडाच्या दोनशे बारा बिया, लिंबाएवढ्या, ओल्या काथ्याच्या भुशात, भोकं पाडलेल्या डब्यांत, सोळा अंशांवर. वाळल्या की मेल्या. झाड वादळात पडलं, त्या जातीचं दुसरं कुणाला सापडलेलं नाही. पाऊस नीट लागेपर्यंत बिया जगवायच्या, एवढंच माझं काम.

साहेबांचं नाव निर्माल्यदा. आपल्याकडे निर्माल्य म्हणजे देवावरची सुकलेली फुलं, मी हसू दाबलं. ते म्हणाले, अशा बिया दीड महिन्यात जातात, पण माझ्या आधीच्या तपतीदींनी या अकरा महिने जगवल्या. रोज सकाळी प्रत्येक बी उघड्या हाताने उलटायची, ही त्यांची पद्धत. तब्येत ढासळली म्हणून त्यांनी नोकरी सोडली.

५ जून
सगळं बियाणं एका जागी ठेवायचं नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त. कूलर बंद पडला तर? म्हणून बारा बिया घरी आणल्या, निर्माल्यदांना न विचारता. इडलीच्या पिठाच्या डब्यात ठेवल्या. माझ्या लेकीने, नूपुरने, लगेच ताबा घेतला. सहा वर्षांची पोर, पण हात हलका आहे. शाळेत जायच्या आधी एकेक बी उलटते, प्रत्येकीला नाव ठेवलंय.

११ जून
भुसा कोरडा पडत चाललाय. मी पाणी घातलेलं नाही, मुद्दामच, बघायला. तरी बियांचं वजन वाढतंय. तीनदा काटा तपासला.

मला तहान फार लागते. बसमध्ये माणसं घामाने निथळत असतात आणि माझा ब्लाऊज कोरडा. शेजारच्या सरलाताई म्हणाल्या, नशीबवान आहेस.

१४ जून
टाचांना भेगा. ओठ फुटलेत. सहज म्हणून स्वतःचं वजन केलं आणि बियांच्याच वहीत लिहिलं. रुजू होतानाच्या तपासणीत होतं त्यापेक्षा साडेतीन किलो कमी, अकरा दिवसांत. आकडे शेजारी शेजारी बघून बेचैन झाले. झोप नाही, एका जागी बसवत नाही.

१६ जून
लाँचने हावड्याला गेले, तपतीदींना भेटायला. चाळिशीची बाई, हात आवळकाठीसारखे सुकलेले. बहीण चमच्याने पाणी पाजत होती. माझी चौकशी केलीच नाही, बिया कशा आहेत एवढंच विचारलं.

मग सांगितलं. ज्याचा हात शेवटचा लागतो त्याच्या अंगातलं पाणी त्या बिया पितात. तू आलीस आणि मी सुटले, म्हणाल्या. माफीही मागितली.

मी त्यांना भ्रमिष्ट ठरवून उठले. घाटावर आल्यावर आठवलं, घरातल्या बारांना शेवटचा हात माझा नाही.

१७ जून, सकाळ
नूपुर पडली, गुडघा फुटला. मोठ्याने रडली. डोळ्यांत पाणी नाही. जखमेतून रक्तसुद्धा नीट —

डॉक्टरांनी सलाईन लावलं. दोन बाटल्या गेल्या. ओठ तसेच. क्षितिज हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ आहे. मी घरी आलेय.

१७, दुपार
वाळवणार. मला ते येतं. झाड संपलं तर संपलं, निर्माल्यदा काय म्हणायचं ते म्हणोत. हात न लावता डबा गच्चीत ताटावर पालथा केला. कडक ऊन.

१७, तीन वाजता
वजन तेवढंच. एक ग्रॅमही कमी नाही.

क्षितिजचा फोन. तिची जीभ पांढरी पडलीय. ऊन चढलं तसतशी बिघडत गेली —

ऊन जेवढं घेतं तेवढं त्या तिच्यातून — मीच — मीच वाळवतेय तिला —

साडेतीन
ताट सावलीत ओढलं. बाराही बिया ओंजळीत घेतल्या. एकेक उलटली. आता शेवटचा हात माझा. सोडवत नाहीत. गार लागतात. संस्थेतल्या दोनशेही माझ्याच.

पेन धरवत नाही. बोटांची कातडी —

फोन. स्पीकर लावलाय. क्षितिज सांगतोय ती जागी झाली. आई कुठे म्हणून रडतेय. तो म्हणतोय, गालांवर पाणी आहे, उशी भिज