एका सुपाचं माप

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मले आधी तुझे हात आठवावे लागतात. मले अक्षर येत नाही, हे तुले ठाऊकच आहे. शाळेत तूच नाही घातलं. म्हणून मी बोलून राहिली अन् माझी नात लिहून राहिली. ती नर्स आहे, सेमाडोहच्या पुढं जंगलातल्या उपकेंद्रात. सध्या मी तिच्याच खोलीवर आहे. उद्या ती बसनं अमरावतीले उतरणार अन् तिथून पुण्याले नव्या नोकरीवर जाणार, म्हणून आजच लिहून घेतलेलं बरं. ती विचारते, "आजी, वऱ्हाडी लिहू का शुद्ध?" म्हटलं, जसं ऐकू येते तसं लिही, जिच्यासाठी आहे तिले दोन्ही वाचता येत नाही.

तेल्हाऱ्याकडच्या आपल्या गावात तू बाळंतपणं करायले जायची तवा स्वतःचं सूप काखेत मारून जायची. लोकं हसायची. दाई पाखडायले चालली का, म्हणायची. पण तुझी मजुरी त्याच सुपानं मोजली जायची. एक सूप ज्वारी, काठोकाठ, मग घर पाटलाचं असो का मजुराचं; ज्याच्या घरात दाणा नाही त्यानं सुगीत भरायचं. मले अजून दिसते, मी लहान, तुझा पदर धरून पाटलाच्या अंगणात उभी आहे. नातू झाला म्हणून पाटलीणबाई सुपावर शीग चढवून राहिली, अन् तू तळहातानं ती शीग तिच्याच पोत्यात परत लोटून राहिली. पुढच्या खेपेले त्याच घरात नात झाली, तं त्याहीनं अर्धंच सूप भरून आणलं. तू उठलीच नाही. अंगणात बसून पान लावलं, खाल्लं. पाटील म्हणे, "काय झालं वं? बसली काहून?" तू म्हणाली, "काही नाही पाटीलबावा. उरलेली अर्धी पोरगी कवा जन्मते ते पाहून राहिली." मंग सूप भरलं.

आता सरकारचं सूप कसं आहे ते ऐक. ते गाव पाहून लहानमोठं होते. आपली पोट्टी, हे लिहून राहिली ती नात, कंत्राटावर आहे. सुई इथं तीच अन् पुण्यात तीच, पोटातलं लेकरू इथंही तितकंच आडवं येते. पण पुण्यातल्या नर्सले पगार जास्त अन् हिले कमी. मधात एक साहेब तपासणीले आले. चांगले होते बिचारे, चपला बाहेर काढल्या. मी चहा दिला अन् विचारलं, "साहेब, इथली नर्स स्वस्त काहून?"

"आजी, शहरात जगणं महाग असतं. खेड्यात खर्च कमी."

"असन बाप्पा. तुमी पिऊन राहिले त्या चहातली साखर घाट चढून आली, जीपवाल्यानं भाडं घेतलं, म्हणूनच स्वस्त पडली असन. मंग घाट चढला का तुमचाही पगार उतरत असन?"

साहेब म्हणाले, "नाही, आम्हाला दुर्गम भागाचा भत्ता मिळतो."

म्हणजे हेच जंगल साहेबाले महाग अन् पोट्टीले स्वस्त. माय, इतकी अक्कल यायले लय शिकावं लागत असन. बरं झालं तू मले शाळेत नाही घातलं.

निधीचं तं अजून न्यारं. बाळंतपणाचं टेबल एका बाजूनं विटांवर उभं आहे. ते काहून बदलत नाही, म्हटलं, तं साहेब म्हणे मागचा निधी खर्च झाला नाही, म्हणून यंदाचा कापला. खर्च नाही झाला, कारण तो मार्च संपता संपता आला. तेवढ्या घाईत काय होते? भिंतीले रंग देणं होते. बाहेरच्या भिंतीवर एक बाई काढली, कडेवर गुबगुबीत लेकरू. साऱ्या भागात तेवढी एकच बाई धडधाकट आहे. वरून साहेब म्हणे, इथं पेशंट कमी येतात, म्हणून पैसाही कमी. म्हटलं, डॉक्टर नाही म्हणून येत नाहीत. तं म्हणे, पेशंट नाहीत म्हणून डॉक्टर देता येत नाही. मी म्हटलं, "साहेब, घाण्याच्या बैलाचे डोळे बांधावे लागतात. तुमी उघड्या डोळ्यानं फिरून राहिले, कौतुक आहे."

जाताना ते पोट्टीले म्हणाले, "सिस्टर, ही नोकरी नाही, सेवा आहे." तवा तू आठवली. तुलेही लोकं देवी म्हणायचे, अन् अर्धं सूप आणणारे सगळ्यात आधी.

साहेबाची गाडी गेली अन् पोट्टीनं विचारलं, "आजी, पुण्याहून बोलावणं आलं आहे. जाऊ का?"

"जा," म्हटलं. "तुझी पणजी अंगणात बसून राहिली, कारण पाटील घरातच होता, कवा तं बाहेर येणारच होता. तुझा पाटील मुंबईत आहे. तू किती पानं खाशीन?"

ती हसली. अन् जायचं ठरलं.

इथं पायरीवर एक कोरकू बाई येऊन बसते, पहिलटकरीण, दिवस भरत आले आहेत. आज तिनं पोट्टीसाठी भोपळा आणला. मले हळूच विचारलं, "सिस्टर जाते?" म्हटलं, जाते. "मंग मी कोणाकडे येऊ?" माय, मले टोमणा सुचला नाही. पोट्टीनं जायचं कळवलं तवा साहेब फोनवर म्हणाले की जागा भरू. तोवर हिले भिंतीवरच्या बाईकडे पाठवावं लागन. पोट्टी तिचं पोट तपासून राहिली होती. तिनं मान वर केली नाही.

लिहून झालं. पोट्टी विचारते, पाकीट आणू का. म्हटलं, कोण्या पोस्टमनले पाठवशीन? ठेव तुझ्याच सामानात. अन् एक राहिलं, तेही लिही. मान खाली घालूनच लिही.

माय, तुझं सूप माझ्याजवळ आहे. तेल्हाऱ्याहून येताना घेऊन आली होती, काहून ते मलेच माहीत नाही. मघा पोट्टी त्या बाईजवळ होती तवा मी ते तिच्या बॅगेत घालून पाहिलं. आडवं घातलं, उभं घातलं. मंग तिचे कपडे बाहेर काढून पाहिले, तरी नाही मावलं. ते कपडे परत भरायचे राहिले. राहिले म्हणजे, मी भरले नाहीत.