चारशे लिटरची बाग

३ एप्रिल, सकाळी ७
टाकीतलं पाणी महिनाभर मुरलं. आता मासे. हॉलमधला सोफा टाकीसाठी बाल्कनीत गेलाय, त्यामुळे बायकोने मुदत घातली आहे: तीस तारखेपर्यंत बघण्यासारखं काही दिसलं नाही, तर टाकी मेहुण्याकडे आणि सोफा घरात. मला पंधरवडा पुरे.

४ एप्रिल
आठ सिक्लिड, चाळीस झाडं. मासेवाला म्हणाला, हे मासे वाळू उकरतात, झाडं दगडाला बांधा. दोरा विकायचा असेल. मी फूटपट्टी धरून वाळूत ओळीने लावली. सर्वांत रुबाबदार माशाचं नाव सरदार. मोजकं वावरतो, नजरेत जरब. पाहताक्षणी आपलासा वाटला.

५ एप्रिल, सकाळी ६
चाळीसच्या चाळीस झाडं वर तरंगताहेत. पुन्हा लावली.

६ एप्रिल
पुन्हा लावली. बायकोने विचारलं, रोज हेच का? म्हटलं, शिस्त अशीच लागते. ती म्हणाली, लागतेय खरी, पण कुणाला? डबा उचलला. ऑफिसला उशीर होत होता.

१० एप्रिल
झाडं एकोणीस. बाकीची पोटात गेली. तशीही गर्दीच वाटत होती.
सरदार जेवत नाही. गाल सुजलेत.

१३ एप्रिल
सरदारचा उपास चालूच. निदान केलं: दाढ. बायकोने विचारलं, माशांना दाढा असतात? काही लोकांशी वैद्यकीय चर्चा होऊ शकत नाही.

१६ एप्रिल
त्याला मिठाच्या पाण्यात ठेवायचं ठरवलं. दीड तास जाळी घेऊन मागे. दोन दगड ढासळले, गालिचा भिजला, शर्ट भिजला, सरदार कोरडाच म्हणायचा. शेवटी बायकोने जाळी हिसकावून माळ्यावर टाकली. म्हणाली, त्या जिवाला जरा सुखाने राहू द्या.
तिला काय सांगू? सरदार गेला तर मला सहन होणार नाही. हे फक्त इथे लिहितोय.

२० एप्रिल
मी ऑफिसात असताना तिने उरलेली झाडं दगडांना बांधली. टिकणार नाहीत.

२५ एप्रिल
टिकलीत. वाळू मी निवडली होती.

२८ एप्रिल
सरदारचं पोट खपाटीला गेलंय. राहवेना, मासेवाल्याला घरी आणलं. अर्धा मिनिट पाहिलं आणि हसत सुटला. सरदार मादी आहे. तोंडात पिल्लं आहेत. या जातीत आई तीन आठवडे उपाशी राहून अशीच सांभाळते. जाळीत सापडली असती तर सगळी थुंकली असती, म्हणाला.
बायकोने फक्त माळ्याकडे पाहिलं. तेच जास्त लागलं.

३० एप्रिल, संध्याकाळी
पिल्लं बाहेर आली. सव्वीस! दगडांवरच्या झाडांत लपंडाव चाललाय. खरं सांगतो, डोळे भरून आले.
बायकोने निकाल दिला: टाकी राहणार. अट एकच, माझा हात पाण्यात जाता कामा नये. मोठ्या मनाने मान्य केलं. देखरेखीला कुणीतरी लागतंच.
ती काचेशी बसली की पिल्लं तिच्या बोटामागे फिरतात. म्हटलं, आपणही ओळख करून घ्यावी. जवळ गेलो. सरदारने मला पाहिलं, तोंड उघडलं आणि सव्वीसच्या सव्वीस आत घेतली.
बायको म्हणाली, अहो, जरा मागे व्हा. चार पावलं मागे झालो. मग एकेक बाहेर आलं.