मदत निघाली आहे

सोमवार, २

आले एकदाची आत्याकडे. नवी नोकरी, नवं गाव, आणि घर शोधायची कटकट नाही. तिसरा मजला, भरपूर उजेड, खिडकीपाशी माझं टेबल. काम घरूनच: शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. आत्या म्हणाली, हे तर तू लहानपणापासून फुकट करत होतीस. ती मला अजून भिंगरीच म्हणते.

मागच्या वर्षी न्हाणीघरात पडून तिचा खुबा मोडला. घरात काठी टेकत फिरते, जिना मात्र तिला उतरवत नाही. परदेशातल्या दादाने, तिच्या मुलाने, तिच्यासाठी एक मदत-सेवा लावून दिली आहे. हॉलच्या भिंतीवर पांढरा डबा, त्यात सिमकार्ड, आणि आत्याच्या गळ्यात लाल बटण. पडलं, छातीत दुखलं की दाबायचं. डबा सेवेला कळवतो, दाराचं कुलूप आपोआप उघडतं आणि माणसं येतात. त्यांना अडायला नको म्हणून दाराची आतली कडीही काढून टाकली आहे.

रोज सकाळी डब्यातली बाई विचारते, सगळं ठीक आहे ना? आत्या डब्यावरचं हिरवं बटण दाबते आणि वर तिला गुडघ्याची हकीकतही ऐकवते. मी म्हटलं, अगं, तो भरून ठेवलेला आवाज आहे. ती म्हणाली, असेना का, विचारते तरी.

गुरुवार, ५

सेवेचा निरोप आला. मोबाइलचं जुनं नेटवर्क १५ तारखेला कायमचं बंद होणार. आमचा डबा त्याच नेटवर्कचा, त्यामुळे तो मुका होणार. नवा डबा फुकट बसवून देतील, फक्त फोन करायचा.

फक्त! अर्धा दिवस त्यांचं ते टिंगटिंग संगीत ऐकलं. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, ग्राहक तुम्ही नाही, ग्राहकांनाच बोलायला सांगा. दादाने झोपमोड करून फोन केला, तर त्याला सांगितलं, त्या पत्त्यावर राहणाऱ्या माणसानेच वेळ ठरवायची. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

सोमवार, ९

खालच्या मजल्यावर घड्याळवाले काका एकटेच राहतात. दुकान बंद केलं, पण घरात भिंतभर घड्याळं टिकटिकत असतात आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. त्यांच्याकडेही हाच डबा. त्यांना निरोप आधीच आला होता; ते महिनाभर सेवेच्या मागे लागले आहेत. म्हणाले, पोरी, मी बिघडलेली घड्याळं दुरुस्त केली आयुष्यभर, पण ही माणसं उघडायची कुठून तेच कळत नाही.

आम्ही कशीबशी आजची वेळ मिळवली होती, तर माणूस येऊन गेला म्हणे. दार वाजवलं, कोणी उघडलं नाही, असं त्याने कळवलं आहे. मी सबंध दिवस दाराला पाठ लावून मुद्रितं तपासत होते! संताप संताप झाला. मी भाजी आणायला गेले आणि ही पुन्हा पडली, तर हाक कोणाला मारणार? माझी सगळी धडपड त्यासाठीच आहे.

रविवार, १५

दुपारी नेटवर्क गेलं. डब्यावरचा दिवा विझला. नवा डबा नाही तो नाहीच. आत्या जेवताना डब्याकडेच बघत होती. म्हणाली, उद्या सकाळी चुकल्यासारखं होईल गं.

सोमवार, १६

दिवा बंदच. तरी सकाळी डब्याने विचारलं, सगळं ठीक आहे ना? आत्या इतकी खुलली की चहाचा कप हातात घेऊनच डब्यापाशी गेली.

मी सेवेला फोन लावला. मुलगी म्हणाली, शक्यच नाही, आमच्याकडे तुमचा डबा बंद दिसतोय, हवं तर लाल बटण दाबून बघा. आत्याच्या गळ्यातलं बटण मी दाबलं. डबा म्हणाला, मदत निघाली आहे. दाराचं कुलूप खटकन उघडलं. मुलगी म्हणाली, बघा, आमच्याकडे काहीच आलं नाही.

मी जाऊन काकांनाही सांगितलं, तुमचं तपासून बघा. त्यांनीही दाबलं.

बुधवार, १८

आज डबा म्हणाला, मदत वाटेत आहे. कोणाची मदत? सेवेला म्हटलं, ती विनंती रद्द करा. उत्तर: जी विनंती आलेलीच नाही ती रद्द करता येत नाही. वरिष्ठ मागितले. वरिष्ठांनी हेच वाक्य जरा सावकाश म्हटलं.

शेवटी पेचकस घेतला. डबा उघडला, बॅटरी काढली, सिमकार्ड काढून काडेपेटीत ठेवलं. आता बोल म्हटलं. जेवणं झाली आणि तो बोलला. तेच: मदत वाटेत आहे. आत्या म्हणाली, ओरडू नकोस गं तिच्यावर, ती तिचं काम करते आहे.

गुरुवार, १९

मदत इमारतीत आली आहे.

मी धावत खाली गेले. काकांचं दार सताड उघडं. काका खुर्चीत, हात गुडघ्यांवर, चेहरा शांत. खोलीत काही आवाज नव्हता. सगळी घड्याळं थांबली होती. विचारलं, कोण आलं होतं? ते म्हणाले, "आता सगळं ठीक आहे." चहा करू का? आता सगळं ठीक आहे. काका, मला ओळखलंत का? तेच, तस्संच. डब्यातल्या बाईच्या चालीवर.

डॉक्टर येऊन गेले. नाडी उत्तम, काही झालेलं नाही म्हणाले. सेवेला सांगितलं, तर मुलगी म्हणते, ते ठीक आहे म्हणतायत, मग तक्रार काय आहे?

शुक्रवार, २०

मदत जिन्यात आहे.

जिन्यात कोणी नाही. चारदा पाहिलं. कुलूप लावते, ते उघडतं. पुन्हा लावते, पुन्हा उघडतं. कडी नाही. कपाट ढकलून दाराला लावलं आहे.

उद्या दुपारी दोन हमाल येतील, आत्याला खुर्चीतून खाली नेतील. कुठेही नेईन, पण ती काकांसारखी — नाही. तिच्या गळ्यातलं बटण मी काढून फेकलं. ती रुसली आहे.

शनिवार, २१

मदत दारात आहे. सकाळपासून एवढंच. हमालांचा फोन लागत नाही. सेवा — संगीत.

आत्याला म्हटलं, घाबरू नकोस, मी तुझ्याजवळ कोणाला येऊ देणार नाही. ती हसली. म्हणाली, "माझ्यासाठी कुठे गं? मला रोज विचारते ती. मी म्हटलं, मला काही नको बाई, आमच्या भिंगरीलाच मदत हवी. सारखी फोनवर रडकुंडीला येते पोर, कोणी तिचं ऐकतच नाही."

कधी सांगितलं? सोमवारीच. मी खाली काकांकडे गेले होते तेव्हा.

कपाट सरकतंय. ओढलं नाही, ढकललं नाही — आपणहून, सावकाश —

आत्या म्हणते, ये बाई, आत ये, इथेच आहे ती. मी लिहिते आहे. लिहिते आहे तोवर मी — बाहेर कोणी दिसत नाही, पण खोलीतलं घड्याळ —

भिंगरी म्हणून हाक मारली. आत्याने नाही. विचारतेय, सगळं

सगळं ठीक आ