थांबायचा ठोका

बुधवार, दि. १४ मार्च
लोहारखाना, जेवणाची सुट्टी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी पोचलं. आईच्या नावाने होतं, पण तिने ते वाचून माझ्या नाकासमोर असं नाचवलं की मला वाचावंच लागलं. इकडे सगळं ठीक आहे. खाण चालू आहे, धूळ चालू आहे, माझे गुडघेही कुरकुरत का होईना चालू आहेत. आपल्या लोहारखान्यात आता यंत्राचा घण आलाय. पायाने दाबलं की तो आदळतो. मी तीस वर्षं घण मारला आणि आता पाय हलवायचा पगार घेतो. आईची तब्येत उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे, ते पुढे सांगतो.

कागदाच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग दिसेल. तो चहाचा आहे.

फोन का केला नाहीस म्हणशील. फोनवर मला फक्त ओरडता येतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि आई शेजारी कान देऊन उभी असते. हे पत्र खडीच्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय. तो शुक्रवारी तुझ्या दवाखान्यावरून जातो. रविवारच्या आत ते तुला मिळायलाच हवं.

तू रविवारी ट्रंक घेऊन येणार हे कळल्यापासून घरात नुसती धुलाई चाललीय. तुझ्या खोलीचे पडदे धुतले, गादी उन्हात टाकली. दाराची कडी काल मी बसवली. मी लाथ मारून उडवली त्या दिवसापासून ती एका स्क्रूवर लोंबत होती. दहा मिनिटांचं काम, त्याला दीड वर्ष लागलं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू लिहिलंयस, आई म्हणत होती तेच खरं असावं, नवऱ्याचं वय दिसायला लागलंय. चष्मा विसरतात, चाव्या विसरतात, गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला. आणि मग ते वाक्य. "आई, मला सारखं वाटतं की याची सुरुवात तेव्हाच झाली होती. ज्या माणसाने आयुष्यात कधी ठोका चुकवला नाही तो त्या दिवशी ठोका द्यायला विसरला, तेव्हाच मला कळायला हवं होतं." आणखी दहा वर्षांनी त्याला घास भरवायची वेळ आली तर आपल्याच्याने होईल का, याची तुला भीती वाटते, म्हणून विचार करायला घरी येतेयस. पोरी, ट्रंक घेऊन कुणी विचार करायला येत नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. दीड वर्ष मी याच पत्राची वाट बघत होतो. वाचलं, आणि आनंद झाला नाही.

आता सगळं पहिल्यापासून लिहितो. मध्ये थांबलो तर परत पेन उचलणार नाही.

मिस्त्री आमच्याकडे आला तेव्हा तू नर्सिंगला बाहेर होतीस. पहिल्याच आठवड्यात कळलं की हा माणूस लोखंडाशी बोलतो. खाणीतल्या पहारी बोथट होऊन यायच्या. तो त्या तापवायचा, ऐरणीवर धरायचा, मी घण मारायचो. ठोका म्हणजे काय ते तुला सांगायला नको. डबा घेऊन यायचीस तेव्हापासून दारात उभी राहून मांडीवर ताल धरायचीस. हातोडी तापल्या लोखंडावर पडली की तिथे घण मारायचा. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं, घण खाली. भात्याच्या घरघरीत माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण तो ठोका बहिऱ्याच्याही दातांत वाजतो. चार वर्षं मी त्याच्या हातोडीवर डोळे मिटून घण मारला. एवढा विश्वास मी तुझ्या आईवरही टाकला नाही, आणि त्याने तेवढाच माझ्यावर टाकला.

त्याचा दंड पोळला तेव्हा मीच त्याला खाणीच्या दवाखान्यात ढकललं. "माझी पोर आहे तिथे, हात हलका आहे तिचा," असं मीच म्हणालो. माझ्याच तोंडाने.

मिस्त्रीशी लग्न करणार असं तू आम्हाला सांगितलंस ती संध्याकाळ मी विसरायचा खूप प्रयत्न केला. तू सव्वीसची, मी एक्कावन्नचा, आणि तो माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठा. मी हसलो, आठवतंय? मला वाटलं तू थट्टा करतेयस. मग तू हसली नाहीस आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुला मी जन्मात पहिल्यांदा मारलं. एक नाही, तीन थोबाडीत. तू खोलीत जाऊन कडी लावलीस, तर मी दार फोडलं. आई मध्ये पडली, तिचा दंड मी असा पिरगाळला की पंधरा दिवस तिला केस विंचरता येत नव्हते. हे तिने तुला सांगितलं नसेल. आणि तू कोपऱ्यात उभी राहून, ओठातून रक्त गळत असताना, काय म्हणालीस? "बाबा, झालं असेल तर मी ड्युटीवर जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कँटीनमध्ये क्रेनवाल्याने विचारलं, "काय रे, आता मिस्त्री तुला बाबा म्हणणार, की तू त्याला दादा?" सगळे खिदळले. मी त्याच्या तोंडावर डबा हाणला. त्याचा पुढचा दात पडला. मिस्त्रीने मागून येऊन मला मिठीत आवळून धरलं आणि कानात म्हणाला, "संध्याकाळी बोलू. तू मला काय मारायचंय ते मार, पण संध्याकाळी. आता पहार तापलीय."

पहार तापलीय! एवढं होऊनही त्याला लोखंडाची पडलेली.

मी घण उचलला. तो समोर वाकला होता. त्याच्या शर्टाला वरून दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. जखमा शिवायचा तो चिवट दोरा, दवाखान्यातला. गाठही तुझी, दोनदा फिरवून मारलेली. माझ्या शर्टाची बटणंही तू तशीच लावायचीस. त्या बटणावरून माझी नजर हलेना. मनात नको नको ती चित्रं यायला लागली. बापाने लेकीबद्दल असं काही बघू नये, पण दिसत होतं.

टोक पांढरं होतं तोवर मी मारत राहिलो. हातोडी टोकावर, घण टोकावर. मग त्याने पहार उलटवायला घेतली.

भिंगरी, त्याने ठोका दिला होता.

नुसत्या ऐरणीवर, स्वच्छ, रोजच्यासारखा. मी तो ऐकला. माझ्या दाढेत वाजला तो. त्याने हातोडी आडवी ठेवली आणि पहार फिरवायला डावा हात ऐरणीच्या काठाशी नेला, कारण चार वर्षं त्या ठोक्यानंतर घण कधी वर गेला नव्हता. मी घण वर नेला. वर न्यायला वेळ लागतो, आठ किलोचा असतो तो. त्या वेळात मला थांबता आलं असतं. मी नेम धरला, टोकावर नाही, चार बोटं अलीकडे, आणि जोर लावून मारला.

त्या हाताचं काय झालं ते तू पाहिलंस. दोन बोटं पहारीलाच चिकटून राहिली, तिसरं तू कापलंस. तो ओरडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. मग तो गुडघ्यांवर आला. मी त्याला खांद्यावर टाकून धावत तुझ्याकडे आणला, आणि वाटेत वेदनेने त्याने माझ्या खांद्याचा लचका तोडला. ती खूण अजून आहे. मी कुणाला दाखवत नाही.

तू त्या हाताला पट्ट्या गुंडाळत असताना मान वर न करता मला विचारलंस, "बाबा, ठोका?"

मी म्हणालो, "दिला नाही."

एवढंच. चौकशीच्या साहेबांनी नंतर विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. मग साहेब वॉर्डात मिस्त्रीकडे गेले. मी बाहेर बाकावर बसलो होतो, तुरुंगात जायच्या तयारीने सकाळी दाढी करून आलो होतो. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "तो म्हणतोय, मी ठोका द्यायला विसरलो, माझी चूक. घरी जा तुम्ही."

मी आत गेलो. पाय धरायला गेलो म्हण. त्याने मला दारातच थांबवलं. "तुला आत टाकून मी तिच्याशी कुठल्या तोंडाने संसार करू? मी विसरलो, एवढंच खरं. ती विचारेल तेव्हाही मी हेच सांगणार. आणि पुन्हा माझ्यासमोर आलास, तर माझा उजवा हात अजून शाबूत आहे."

एका महिन्याने तुम्ही दोघं गेलात. आईने दारात बसून हंबरडा फोडला, मी आत पाठमोरा उभा राहिलो. तुला वाटलं असेल बापाचा राग गेला नाही. राग केव्हाच गेला होता. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

आता सांग. जो माणूस विसरलो म्हणून स्वतःच्या हुन्नरावर डाग लावून घेतो, आज एका हाताने हत्यारांच्या दुकानात खोकी उचलतो, आणि तू त्याला विसराळू म्हातारा म्हणून सोडायला निघालीस तरी तोंड उघडत नाही, त्याला मी काय म्हणू? तू पत्रात लिहिलंयस की ट्रंक भरताना त्याने विचारलंही नाही. तो नाही विचारणार. विचारलं तर तुला खरं सांगावं लागेल, हे त्याला माहीत आहे.

चष्म्याचं सोड, मीही परवा डोक्यावर चष्मा ठेवून घरभर शोधला. गॅसचं मला माहीत नाही. राहिला असेल चालू. तो म्हातारा होणार, तुझ्या आधी होणार, ते काही खोटं नाही, आणि ती काळजी मला आजही आहे. कदाचित तुला खरंच घास भरवावा लागेल. तुला ते जमणार नसेल तर त्याला सोड, मी तुला बोल लावणार नाही. पण खऱ्या कारणाने सोड. माझ्या खोट्याने सोडू नकोस.

हे सगळं मी काल सकाळी तुझ्या आईला सांगितलं. तिला दीड वर्ष माहीत नव्हतं. ती पडदे पिळत होती. ऐकून घेतलं, पडदा बादलीत टाकला आणि पाण्याने भरलेला स्टीलचा जग माझ्या तोंडावर फेकला. भुवई फुटली. तो डाग चहाचा नाही, तू ओळखलं असशीलच, जखम अजून पाझरतेय. तू नाहीस म्हणून कंपाउंडरने टाके घातले, तेही वाकडे.

रक्त पुसता पुसता मी म्हणालो, "पोरीला कळवायला हवं."

ती म्हणाली, "काही कळवायचं नाही. हात गेला तो गेला, तुम्ही बोललात म्हणून उगवणार आहे का? पोर येतेय. माझी पोर परत येतेय, तुम्ही तोंड शिवून बसा."

"अगं, पण तिला वाटतंय तो—"

"वाटू दे! मला काय करायचंय त्याचं? तिला कळलं तर ती येणार नाही. आज नाही, उद्या नाही, आपण मेल्यावरही नाही. तुमची सुटका व्हावी म्हणून माझी पोर घालवता?"

मी लिहिलेलं पहिलं पत्र तिने माझ्या हातातून ओढून फाडलं. तुकडे माझ्या तोंडात कोंबायला निघाली होती. मी तिचे हात धरले, पण या वेळी पिरगाळले नाहीत. मग ती रडली. तिला दोष देऊ नकोस. ती म्हणते तेही खोटं नाही. यात थोडी माझी सुटका आहेच, आणि हे पत्र वाचून तू बहुतेक येणार नाहीस, तिलाच नाही, मलाही दिसणार नाहीस. म्हणून इथे, ऐरणीवर कागद ठेवून, सुट्टी संपायच्या आत लिहितोय. अक्षर खडबडीत आलंय ते ऐरणीमुळे. ज्या जागी त्याचा हात होता तिथे आता माझा आहे.

मला पोलिसात द्यायचं असेल तर हे पत्र दे. शेवटी सही आहे माझी. मी नाकारणार नाही.

भोंगा झाला. शेवटचं लिहितो.

रविवारी पडदे वाळलेले असतील, कडी बसलेली असेल. ट्रंक न आणता एकटी आलीस तरी आई जेवायला वाढेल. कुणाला बरोबर आणलंस तर मी दाराबाहेर उभा राहीन. त्याचा उजवा हात शाबूत आहे. तो म्हणाला होता ते त्याने खुशाल करावं, मी हात वर करणार नाही.

पत्राच्या शेवटी घरातल्या मोठ्यांना नमस्कार लिहायची रीत आहे. दीड वर्षात आईने तुला एवढी पत्रं लिहिली, पण ती ओळ मी तिला एकदाही लिहू दिली नाही. तुझ्या घरात मोठं असं एकच माणूस आहे. माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठं. त्याला माझा नमस्कार सांग, आणि सांग की ठोका मी ऐकला होता.

तुझा,
बाबा