सहावे कलम रद्द

मी, धम्मप्रिया प्रेमानंद रामटेके, वय एकोणतीस, मूळची नागपूरची, सध्या राहणार हॅलिफॅक्स, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मंगळवारी केमो असतो आणि शुक्रवारपर्यंत डोकं जड राहतं, म्हणून मुद्दाम सोमवार निवडला. कुणी मला भरीस घातलेलं नाही. उलट मैत्रिणीने दोनदा पेन काढून घेतलं. वकिलांकडे इंग्रजी प्रत आहे. ही मराठी प्रत आईला वाचता यावी म्हणून.

१. मला अंडाशयाचा कॅन्सर आहे, तिसरा टप्पा. सप्टेंबरमध्ये कळलं. डॉक्टरांनी किती महिने ते सांगितलं आहे. तो आकडा इथे लिहीत नाही.

२. माझी बचत आई, सुनंदा रामटेके, हिला द्यावी. ती शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवते. तिने हे पैसे माझ्या नावाने दान करून टाकू नयेत. आधी गुडघ्याचं ऑपरेशन करावं.

३. पुस्तकं आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेला. किल्ली एखाद्या मुलीकडे असावी, आणि रात्री नऊपर्यंत दिवे चालू ठेवावेत. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शेवटची असू नये. बारावीनंतर काका म्हणाले होते, "इतकी शिकली तर नवरा कुठून आणू?" अभ्यासिकेच्या कार्यक्रमाला काकांना बोलवावं, पण हार घालू नये.

४. ऊर्मी ही माझी मैत्रीण आणि घरभाड्यातली भागीदार. तिला मी काहीही देत नाही, कारण ती साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही दिलं तर ते इथल्या कायद्यात टिकत नाही. हे कळल्यावर ती म्हणाली, "तुझ्या बिडाच्या तव्यावर माझा डोळा होता गं. जाऊ दे, सही करते." तवा मी तिला काल हयातीतच दिला आहे.

कोणत्या दिवशी मला कोण नेणार, जेवण कोण आणणार, याचा तक्ता ऊर्मीनेच केला. तो पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत भरलेला आहे. एवढा पुढचा कशाला, असं मी विचारलं. तिने सांगितलं की कॉम्प्युटरवर नावं खाली ओढली की आपोआप भरतात आणि तिला पुसता येत नाहीत. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी वाद घातला नाही. मला हल्ली फारसं काही वाटत नाही, भीतीसुद्धा नाही. पण खाली कुणीतरी गाडी चालू ठेवून बसलेलं असतं, म्हणून मी बूट घालते. याला आशा म्हणायचं असेल तर माझ्याकडे ती आहे.

५. माझी गाडी, विंटर टायर्ससकट, राजरत्न गजभिये याला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. तो आमच्या इथल्या मंडळाचा सेक्रेटरी आहे आणि मंगळवार त्याचा असतो.

जानेवारीत सगळ्यांनी माझ्यासाठी परित्राण पाठ ठेवला. बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये मधोमध पाण्याचं मडकं, अकरा जणांच्या हातांतून फिरलेला पांढरा दोरा, आणि एटोबिकोच्या विहारातून भन्ते लॅपटॉपवर. मला बरं वाटलं होतं. राजरत्नने त्याचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "आयु. धम्मप्रिया हिच्या आरोग्यासाठी". तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर अर्धं नागपूर आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. आईला मी काहीच सांगितलेलं नव्हतं, हे मात्र त्याला माहीत होतं.

मला हे मार्चमध्ये कळलं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेली नाही. तो तरीही दर मंगळवारी येतो, सीट गरम करून ठेवतो, गप्प गाडी चालवतो. गाडी त्याला दिली याचा अर्थ राग गेला असा घेऊ नये.

६. "माझ्या आजाराबद्दल आईला माझ्या मृत्यूनंतरच कळवावे, तोपर्यंत कोणीही सांगू नये." हे कलम पहिल्या मसुद्यात होतं. ते रद्द.

व्हिडिओ कॉलवर मी लोकरी टोपी घालून बसायचे. इकडे थंडी फार, असं सांगायचे. मार्चमध्ये एकदा आई म्हणाली, "टोपी काढ आता. घरात हीटर असते न तुमच्या?" मी काढली. ती रडली नाही. तिला जानेवारीतच समजलं होतं. शेजारच्या बाईने फोटो दाखवला होता. दोन महिने ती रोज फक्त जेवलीस का एवढंच विचारत होती.

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होती न. लपवायले ताकद लागते. म्हटलं, पोरीत अजून ताकद हाय."

मग तिने भाजी कोणती केली ते विचारलं.

७. सहाव्याच्या जागी हे. आईच्या व्हिसाचा अर्ज ऊर्मीने केला आहे. आई इथे पोचली, तर माझ्या शरीराचं काय करायचं ते ती ठरवेल आणि कुणी तिला सल्ला देऊ नये. ती पोचायच्या आत माझं काही झालं, तर बातमी सर्वांत आधी तिला द्यावी. फोनवर, मराठीत, नागपूरला सकाळ झाल्यावर आणि तिचा चहा झाल्यावर. ती फोन ठेवेपर्यंत कोणत्याही ग्रुपवर एक अक्षर टाकू नये.

हा फोन राजरत्नने करावा. दुसऱ्या कुणाला सांगू नये. मंगळवार नसतानाही आज दुपारी त्याला बोलावून मी गाडीत हे कलम तेवढं वाचून दाखवलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि हो म्हणाला.

ठिकाण : हॅलिफॅक्स, नोव्हा स्कॉशिया
दिनांक : ७ एप्रिल २०२५

सही : धम्मप्रिया प्रे. रामटेके

आम्हा दोघांसमोर, आम्ही एकत्र हजर असताना, तिने सही केली.

१. ऊर्मी दाते
२. श्रेयस कुलथे, वरच्या मजल्यावरचा शेजारी